आकाशकंदिलाचा कागद सैल पडतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, सबमिशनमधून वेळ मिळाला की हाताने काहीतरी करत बसायला मला मनापासून आवडतं. यंदा होस्टेलसाठी बांबूच्या कामट्यांचा पारंपरिक आकाशकंदील करतेय, तयार प्लॅस्टिकचा नकोच. कामट्या बुरूड आळीतून आणल्या, पाण्यात भिजवून तासल्या, चौकोन दोऱ्याने घट्ट बांधलेत, सांगाडा एकदम ताठ झालाय. अडचण कागदाची आहे. पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटवला की ओला असताना सुरकुततो, वाळल्यावर छान ताणला जातो, पण संध्याकाळी परतीच्या पावसाची सर आली की हवेतल्या ओलीनेच परत सैल पडतो आणि कोपऱ्यातून सुटायला लागतो. खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात ते कीड लागू नये म्हणून, त्याने चिकटपणा वाढतो का? का सरळ फेविकॉल पाणी घालून वापरू? जिलेटीन कागद टिकेल पण त्यातून पतंगाच्या कागदासारखा मऊ उजेड पडत नाही, म्हणून तो टाळतेय. आत एलईडीच लावणारे, त्यामुळे उष्णतेची भीती नाही. आणि झिरमिळ्या खाली एकाच कागदाच्या कापून लावायच्या की सुट्ट्या, वाऱ्याला कुठल्या जास्त टिकतात? ज्यांनी घरी केलेत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, वसुबारसेच्या आधी टांगायचाय.