वजन ठीक, पण पावलांवर सूज. सॅममध्ये (अतितीव्र कुपोषणात) धरायचं का?

सेविका, धारणी तालुका
मुलगी अडीच वर्षांची. वजन 10.5 किलो, दंडघेर 12.7 सेंमी, मोजपट्टी हिरव्यात, म्हणजे ठीक. पण दोन्ही पावलं फुगलीत, केस विरळ नि तांबूस, खेळत नाही, उचललं की किरकिर करते. आई म्हणते, अंगानं भरली. साधारण नोंदवू? अंडी-डाळ वाढवायला सांगू का?

पोषण प्रशिक्षक
साधारण अजिबात नको. मांडीवर बसवा, दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्यांनी 3 सेकंद दाबून धरा. अंगठे काढल्यावर दोन्हीकडे खड्डा राहिला, तर वजन-दंडघेर काहीही असो, मूल सॅम. एकाच पावलाला सूज असेल तर मार किंवा गळू बघा. सुजेची पायरी अधिक चिन्हांनी लिहा: नुसती पावलं सुजली तर एक अधिक (+). पोटऱ्या, हातही सुजले तर दोन. चेहऱ्यापर्यंत सूज म्हणजे तीन. काटा अंगातलं पाणीही मोजतो, म्हणून ही मुलं वजनाच्या तक्त्यात सापडत नाहीत. मांड्या आणि जांघेत कातडी काळी पडून पोपडे निघतायत का, तेही बघा.

बालरोगतज्ज्ञ
खड्डा पडत असेल तर आजच एनआरसीला (कुपोषित मुलांना दाखल करतात त्या पोषण पुनर्वसन केंद्रात) पाठवा. घरी एकदम अंडी-डाळीचा मारा नको. अशा मुलाचं यकृत सुरुवातीला जास्त प्रथिनं पेलत नाही. म्हणून तिथे आधी एफ-75 हे खास उपचाराचं दूध देतात: 100 मिलीत 75 कॅलरी, प्रथिनं जेमतेम 1 ग्रॅम, सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. सूज उतरवायला लघवी वाढवणारं औषध कधीच देऊ नये. लोहाच्या गोळ्याही पहिल्या आठवड्यात नाहीत, जंतुसंसर्ग बळावतो. निघताना 50 मिली पाण्यात चमचाभर साखर विरघळवून पाजा आणि अंग झाकून आईच्या पोटाशी धरा. रक्तातली साखर उतरणं आणि अंग गार पडणं, वाटेत जीव यानेच जातो. सकाळी पापण्या जास्त सुजत असतील तर मूत्रपिंडाचा आजार असू शकतो, तिथे लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या.

सेविका, धारणी तालुका
दोन्हीकडे खड्डा पडला. आई म्हणते, मजुरी बुडेल.

पोषण प्रशिक्षक
दाखल मुलाच्या आईला बुडीत मजुरी मिळते, आशाताईंकडून आजच नाव घालून घ्या. आणि आईला आधीच सांगा, सूज उतरताना वजन घटणार. हे माहीत नसलं की "पोर वाळलं" म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी घेऊन येतात.