मदत हवी आहे: पुसलेलं गिऱ्हाईक फाइलीत परत येतंय

मंडळी, देवगडच्या आंबा पेट्यांच्या ऑर्डरी एस-थ्रीवर (ॲमेझॉनची क्लाउड साठवण) पार्के फायलींत (रकान्यांनुसार डेटा ठेवणारा फाइल प्रकार) आहेत. ज्याला आपली माहिती पुसून हवी, त्याचा आयडी एसक्यूएसच्या (ॲमेझॉनचीच मेसेज सेवा) रांगेत जातो. वर्कर (रांगेतली कामं उरकणारा प्रोग्राम) तो उचलून, त्या गिऱ्हाइकाची ओळ गाळून अख्खी फाइल नव्याने लिहितो. (पार्केतली मधलीच ओळ जागच्या जागी काढता येत नाही, त्याला इलाज नाही.)

घोळ असा: एक वर्कर आयडी 318 गाळतोय, दुसरा त्याच फाइलीतून 587. दोघांनी वाचली जुनीच प्रत. शेवटी लिहिणाऱ्याचं टिकतं आणि 318 पुन्हा हजर! व्हिजिबिलिटी टाइमआउट (एकाने उचललेला मेसेज इतरांना दिसत नाही तो वेळ) मूळचा 30 सेकंद होता, मोठ्या फाइलीला चार मिनिटं लागतात. तो 15 मिनिटं केल्यावर एकच मेसेज दोघांकडे जाणं थांबलं. पुसलेली ओळ परत येणं मात्र तसंच.

फिफो (आधी आलेला आधी) रांग घेऊन फाइलीचा पाथच मेसेज ग्रुप आयडी करावा, म्हणजे एका फाइलीचे मेसेज एकामागून एकच जातील, की लिहिताना इफ-मॅच अटीत ईटॅग (वाचलेल्या प्रतीची खूण) देऊन 412 एरर (मधे फाइल बदलली) आला की फाइल पुन्हा वाचावी? मला पहिलं बरं वाटतं, पण एका आयडीच्या ऑर्डरी चाळीस फायलींत असल्या तर चाळीस मेसेज. आठवड्याचे आयडी साठवून फाइल एकदाच लिहिणारं कोणी आहे का?

आणि बकेटला (एस-थ्रीवरचा फायलींचा कप्पा) व्हर्जनिंग चालू आहे, म्हणजे जुन्या प्रतीही राहतात. जुन्या प्रती आपोआप पुसणारा लाइफसायकल नियम किती दिवसांचा ठेवता?