मदत हवी आहे: तलावांवरच्या परिषदा कुठे, कधी? (तातडीचं आहे)

तलावकाठची_बाई
नमस्कार मंडळी. माहिती असेल त्यांनी पटकन सांगा, शनिवारपर्यंत हेडसरांना उत्तर द्यायचंय. येत्या काही महिन्यांत तलाव, नद्या, पाणथळ जागा आणि पर्यावरण शिक्षण या विषयावर कुठे कुठे परिषदा आहेत जिथे आम्हाला पेपर वाचता येईल? नेटवर शोधून डोकं उठलं, निम्म्या ठिकाणी मागच्या वर्षीच्या तारखा तशाच पडून आहेत आणि बाकीच्यांत नुसते हॉटेलचे फोटो. आमचं काम तयार आहे, आकडे आहेत, फोटो आहेत. एका ठिकाणी आमचं सिलेक्शन पण झालंय पण फी ऐकून हेडसर खुर्चीतून उठले. यादी असेल तर सरळ यादीच टाका, प्लीज.

निवांत_पुणेकर
'आम्ही' म्हणजे कोण? पीएचडीवाले, संस्था, की शाळा? कुठल्या गावाहून? किती जण जाणार? बजेट काय? पेपर इंग्रजीत आहे का मराठीत? एवढं सांगितल्याशिवाय यादी मागणं म्हणजे स्टेशनवर जाऊन 'एक तिकीट द्या' म्हणण्यासारखं आहे.

उट्रेख्तचा_उदय
मी देतो यादी. सगळ्यात मोठी म्हणजे जागतिक तलाव परिषद. जपानमधल्या शिगाची आयलेक नावाची संस्था यामागे आहे, पहिली परिषद १९८४ ला तिथेच, बिवा तलावाच्या काठी झाली. साधारण दर दोन वर्षांनी देश बदलतो, २०२३ ला हंगेरीत बालाटनला होती, २०२५ ला ब्रिस्बेनला. ऑगस्टमध्ये स्टॉकहोमचा जल सप्ताह असतो, तो दरवर्षीच. शिवाय पाणथळ जागांसाठीच्या रामसर कराराची परिषद दर तीन वर्षांनी, २०२५ ला झिंबाब्वेत व्हिक्टोरिया फॉल्सला झाली. व्हिसासाठी तीन महिने आधी लागा.

खवचट_काका
उदयराव, रामसरची ती परिषद सरकारांची असते हो. तिथे देशांची शिष्टमंडळं मसुद्यातल्या स्वल्पविरामावरून रात्र रात्र भांडतात. बाईंना पेपर वाचायचाय, करारावर सही नाही करायची.

उट्रेख्तचा_उदय
निरीक्षक म्हणून संस्थांना जाता येतं काका. बाजूचे कार्यक्रमही असतात. माहिती नसेल तर

खवचट_काका
वाक्य पूर्ण करा की.

तलावकाठची_बाई
अहो भांडू नका बाप्पा. व्हिसा वगैरे काही नाही. जिल्हा परिषद शाळा आहे, आठवीचा वर्ग, भंडारा जिल्हा. मला वाटलं आयडीवरून कळेल. गावच्या मामा तलावावर मुलांनी मागच्या पावसाळ्यापासून नोंदी केल्यात. पेपर मराठीत आहे, काहून नसणार? मुलांनीच लिहिलाय.

कोल्हापुरी_तडका
मामा तलाव म्हंजे? मामाचा तलाव?

तलावकाठची_बाई
माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातले. आमच्याकडे पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर आहेत. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले, दोनतीनशे वर्षं जुने. नवेगावबांध ऐकलं असेल, तो पण त्यातलाच. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आले आणि मग पाळ (तलावाचा बांध) कोणी दुरुस्त करायची, गाळ कोणी काढायचा यात वर्षं गेली. आता कडेने सगळी बेशरमाची झुडपं माजलीत. ढीवर (मासेमार) लोकांचा शिंगाडा आणि मासळी त्याच पाण्यावर. असो, यादी?

लिम्नो_मावशी
बाई, यादी जरा बाजूला ठेवा. 'सिलेक्शन झालंय' म्हणालात त्याबद्दल सांगा. ईमेल कशी आली, किती दिवसांत मंजुरी आली आणि फी कुठल्या खात्यात मागितलीय? मी प्राणिशास्त्र शिकवायचे, आता रिटायर आहे. असल्या ईमेलांनी माझा इनबॉक्स भरलेला असतो म्हणून विचारते.

तलावकाठची_बाई
ईमेल आपोआपच आली मॅडम, 'आदरणीय प्रोफेसर' असं लिहून. मी दहा ओळींचा सारांश इंग्रजीत करून पाठवला, परवा पाठवला, आज मंजूर. बेस्ट पेपरसाठी पण विचार होईल म्हणतात. माणशी २५० डॉलर, विद्यार्थ्यांना सूट देऊन १८०. ठिकाण बँकॉक, पण नाही आलात तरी सर्टिफिकेट मिळेल असं आहे. विषय 'जलपरिसंस्था, अभियांत्रिकी, नर्सिंग आणि व्यवस्थापन'.

खवचट_काका
नर्सिंग!! तलावाला सलाईन लावणार बहुतेक.

लिम्नो_मावशी
पैसे भरू नका. एक रुपया नाही. खऱ्या परिषदेत सारांश तपासायला माणसं बसतात, त्यांना आठवडे लागतात, कधी महिने. ते प्रश्न विचारतात, दुरुस्त्या सांगतात, नाकारतात सुद्धा. आणि न येता सर्टिफिकेट देणारी परिषद म्हणजे सर्टिफिकेटचं दुकान. एक साधी परीक्षा करा: त्यांच्या समितीत ज्यांची नावं आहेत त्यातल्या एखाद्या प्राध्यापकाला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर ईमेल करून विचारा की तुम्ही खरंच यात आहात का. बऱ्याचदा त्या बिचाऱ्याला पत्ताच नसतो.

डॉ_एसटी_महामंडळ
एवढं सरसकट बोलू नये मॅडम. माझ्या मेव्हण्याने अशाच एका परिषदेत पेपर वाचला, फोटो बिटो आले, प्रमोशनच्या फाईलीला लागला. सगळेच करतात. सिस्टीमच पॉइंट मागते तर माणूस काय करणार.

लिम्नो_मावशी
तुमच्या मेव्हण्याचं प्रमोशन झालं, आनंद आहे. इथे आठवीच्या पोरांचे आणि शाळेचे पैसे आहेत. त्यांना कुठल्या फाईलीला लावायचंय?

डॉ_एसटी_महामंडळ
मी फक्त दुसरी बाजू सांगितली.

गावठी_इंजिनियर
माझा वेगळा मुद्दा. तलावात गप्पी मासे सोडा. डास शंभर टक्के जातात. आमच्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्रातून फुकट मिळाले.

निवांत_पुणेकर
डासांचं कोणी विचारलं??

लिम्नो_मावशी
आणि कृपा करून सोडू नका. गप्पी दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, डबक्यात टाकीत ठीक, चालू तलावात नाही. तिथे आधीच स्थानिक मासे डासांच्या अळ्या खातात. बाहेरून आणलेल्या तिलापिया माशाने काय केलं ते बघितलं ना सगळ्यांनी? आफ्रिकन मागूर माशावर तर बंदी असून तो मिळतोच आहे.

गावठी_इंजिनियर
सरकारी खातं देतं म्हणजे चुकीचं कसं असेल.

कोल्हापुरी_तडका
आमच्या रंकाळ्याचं बघा, जलपर्णी काढायला मशीन आणली, फोटो झाले, सांडपाणी आत येतंय तोवर परत उगवणारच की. बाई तुमच्या तलावात सांडपाणी येतंय का? मूळ ते बघा पहिलं, परिषद बिरिषद नंतर.

तलावकाठची_बाई
बँकॉकचं कॅन्सल. मावशी थँक्यू, हेडसरांना दाखवते हा धागा (काकांची कमेंट सोडून). पण मग जायचं कुठे ते कोणीच सांगत नाहीये अजून.

बंगळूरची_वैदेही
मी सांगते. मुलं १० ते १७ वयाची असतील तर राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद. केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान खात्याचा उपक्रम, १९९३ पासून. जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय. आणि मुख्य म्हणजे आपल्या भाषेत सादर करता येतं, इंग्रजीची सक्ती नाही. गावातला खरा प्रश्न घेऊन त्यावर मुलांनी स्वतः केलेलं कामच त्यांना हवं असतं, म्हणजे तुमच्यासाठीच आहे. मुख्य विषय ठरवून दिलेला असतो, त्यात तलाव कुठल्या उपविषयात बसतो ते बघा. यंदाची तारीख जिल्हा समन्वयकाला विचारा, शिक्षण विभागात नंबर मिळेल. दुसरं म्हणजे आमच्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाणथळ संशोधन गटाची 'लेक' नावाची परिषद. १९९८ पासून सम वर्षात भरत आली आहे, नेहमी बंगळूरलाच असते असंही नाही, २०१६ ला मूडबिद्रीला होती. तिथे शाळेची पोरं मोठ्या शास्त्रज्ञांसमोर उभी राहून बोलतात, मी स्वतः ऐकलंय, एका पोराने गावच्या तळ्यातले बेडूक मोजले होते.

निवांत_पुणेकर
बाल विज्ञानमध्ये आता दोघांचाच गट असतो बहुतेक. पूर्वी पाच असायचे.

बंगळूरची_वैदेही
हो दोघांचा. आणि वयाचे दोन गट, चौदाच्या आतले आणि वरचे. आठवीत दोन्ही प्रकारची मुलं निघतील, तेव्हा जन्मतारखा बघूनच जोड्या लावा. लॉगबुक मस्ट आहे, मुलांच्या अक्षरातलं, तारखेसकट. परीक्षक ते उलटून बघतात.

तलावकाठची_बाई
हे पाहिजे होतं!! पण एकवीस मुलं आहेत वर्गात, दोघं जाणार तर बाकीची माझा जीव खातील. सगळ्यांनी पाण्यात उभं राहून काम केलंय. एकाने घरची जुनी ताटली आणली, तिला काळा पांढरा ऑईलपेंट मारला चार भागांत, मधोमध भोक पाडून दोरी, खाली नट बांधले वजनाला, दोरीला दर पाच सेंटीमीटरला गाठ. ताटली दिसेनाशी होते ती गाठ मोजायची. धुण्याच्या घाटाजवळ सात गाठी, शिंगाड्याच्या बाजूला बारा.

लिम्नो_मावशी
वा! ही सेक्की तबकडी झाली. इटलीतल्या आंजेलो सेक्की नावाच्या पाद्र्याने १८६५ मध्ये समुद्रावर पहिल्यांदा वापरली, आजही जगभर तेच वापरतात. आता दोन गोष्टी सांगते. ताटली खाली जाताना दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना परत दिसते ती खोली, दोन्ही घ्या आणि सरासरी काढा. आणि वेळ साधारण दहा ते दोनमधलीच ठेवा, नावेच्या किंवा काठाच्या सावलीच्या बाजूने बघा, चकाकीने फसायला होतं. मुलांनी वेळ लिहिलीय ना?

तलावकाठची_बाई
वेळ काहींनी लिहिलीय, काहींनी 'सकाळ' लिहिलंय, एकीने 'जेवणाआधी'.

लिम्नो_मावशी
'जेवणाआधी' चालणार नाही, पण खोडू पण नका. लॉगबुकमध्ये तसंच राहू द्या, यापुढे घड्याळ बघा. आणि आता परीक्षक हमखास विचारतील ते: गढूळपणा मातीमुळे आहे का शेवाळामुळे? पाणी पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर ठेवा. तळाशी बसलं तर बहुतेक माती, हिरवटपणा तसाच राहिला तर शेवाळ. ढोबळ आहे पण आठवीला पुरे.

उट्रेख्तचा_उदय
आमच्याकडे इथे कालव्यांवर शाळा हे कायम करतात, फोटो टाकू का?

खवचट_काका
टाका, पण व्हिसा लागणार नसेल तर.

निवांत_पुणेकर
बाई, उरलेल्या एकोणीस मुलांसाठी २ फेब्रुवारी बघा, जागतिक पाणथळ दिन. १९७१ ला त्या तारखेला इराणच्या रामसरमध्ये करार झाला तो. परिषद तुमच्याच पाळीवर भरवा, आजूबाजूच्या चार शाळा बोलवा. महाराष्ट्रात रामसर यादीत नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी आहे, मामा तलाव एकही नाही, यावर मुलांनी बोलायला काय हरकत आहे?

कोल्हापुरी_तडका
ढीवर समाजाच्या म्हाताऱ्यांना पण बोलवा. पेपर त्यांनाच वाचू द्या, पोरांपेक्षा जास्त माहीत असणार त्यांना.

डॉ_एसटी_महामंडळ
गावपातळीवरच्या कार्यक्रमाला 'परिषद' म्हणता येत नाही तांत्रिकदृष्ट्या.

बंगळूरची_वैदेही
तांत्रिकदृष्ट्या बँकॉकवाल्याला म्हणता येतं का?

तलावकाठची_बाई
झालं ठरलं. हेडसरांशी बोलले आत्ता. जन्मतारखा काढल्या, चौदाच्या आतली एक जोडी आणि वरची एक, दोन गट पाठवतो. २ फेब्रुवारीला पाळीवर कार्यक्रम, जेवण गावातून. ढीवर समाजातल्या एका आजोबांना विचारलं तर ते म्हणाले मासळीबद्दल बोलतो पण माईक नको. सांडपाण्याचा प्रश्न होता कोल्हापूरच्या दादांचा: ते एकाच नालीचं येतं, बस स्टँडच्या मागून, तिथल्या गाठी उद्या मोजतो. आता एकच राहिलं, जिल्हा समन्वयकांचा फोन लागत नाहीये. भंडाऱ्याचं कोणी आहे का इथे?

गावठी_इंजिनियर
मी तुमसरचा. नंबर मेसेज करतो. गप्पीचा विचार करा पण.