मदत हवी आहे: बॅटरी फुल्ल, तरी डीएसएलआर ढिम्म

मंडळी, कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी तुमचं मत हवंय.

डीएसएलआर जुना आहे, पण आजवर त्याने कधी त्रास दिला नाही. मधले काही महिने बॅगेत पडून होता, बॅटरी आतच. परवा बाहेर काढला, बॅटरी चार्ज केली, चार्जरचा दिवा रीतसर स्थिर झाला. बॅटरी आत सरकवली, स्विच ऑन केला आणि काहीच नाही. मागची स्क्रीन काळी, वरची छोटी स्क्रीन कोरी, कार्डाचा दिवा लुकलुकतसुद्धा नाही. शटरचं बटण अर्धं दाबलं तर लेन्स हूं की चूं करत नाही.

आतापर्यंत केलेले उद्योग: कार्ड काढून पाहिलं. लेन्स काढून पाहिली. बॅटरीच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. बॅटरी रात्रभर बाहेर ठेवून मग लावली. मल्टिमीटरवर बॅटरी ८.१ व्होल्ट दाखवते, म्हणजे ती ठणठणीत असावी. मग मदरबोर्ड गेला असं समजायचं का? पडला नाही, भिजला नाही. कार्डावरचे फोटो अजून उतरवलेले नाहीत, ती धाकधूक वेगळीच.

प्रतिसाद १

फोटोंची काळजी सोडा. कार्ड कॅमेऱ्याबाहेर काढून कार्ड रीडरमध्ये घाला आणि उतरवून घ्या. कॅमेरा बंद पडला म्हणून कार्डावरचं काही पुसलं जात नाही.

आता ते ८.१ व्होल्ट. आत दोन लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे फुल्ल चार्जला ८.४ च्या आसपास आकडा येतो. पण मल्टिमीटर बॅटरीकडून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. म्हातारी बॅटरी मीटरवर टुणटुणीत दिसते आणि कॅमेऱ्याने करंट मागितला की तिचा व्होल्टेज कोसळतो. म्हणून आकड्यावर विसंबू नका, त्याच मॉडेलची चालू बॅटरी कुणाकडून तरी उसनी आणा. तीच खरी परीक्षा. मधल्या बारीक पट्ट्याही पुसा. त्यांच्यावरून कॅमेरा बॅटरी ओळखतो, आणि ओळख पटली नाही तर काही मॉडेलं चालूच होत नाहीत.

प्रतिसाद २

खालचे चार स्क्रू काढून आत एकदा नजर टाका. फ्यूज उडाला असेल तर लगेच कळेल.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाकडे कृपया दुर्लक्ष करा. फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या घरात चार्ज होतो आणि बॅटरी काढल्यावरही बराच वेळ तसाच राहू शकतो. ज्यांचं ते रोजचं काम आहे तेसुद्धा आधी तो डिस्चार्ज करतात आणि मगच आत हात घालतात. फ्यूज उडालेला असूही शकतो, पण तो बोर्डावर चिकटवलेला तांदळाएवढा तुकडा असतो. नुसत्या नजरेला काही कळत नाही.

धागाकर्ते, एक गोष्ट तुमच्या यादीत दिसली नाही. बॅटरीचं झाकण कसं आहे? बॅटरी खचली असती तर बहुधा क्षणभर तरी काहीतरी लुकलुकलं असतं. इतकी शांतता म्हणजे करंट पुढे जातच नसावा. झाकणाच्या आतल्या कडेला प्लास्टिकचा एक छोटा दात असतो. झाकण बंद झालं की तो कडेच्या फटीत जाऊन आतला बारीक खटका दाबतो. खटका दाबला गेला नाही तर कॅमेऱ्याच्या लेखी झाकण उघडंच आहे, मग बॅटरी कितीही भरलेली असो. कार्डाच्या झाकणालाही काही मॉडेलांत अशीच भानगड असते.

धागाकर्ता

फोटो उतरले, जीव भांड्यात पडला.

उसनी बॅटरी लावून पाहिली, तीही गप्प. मग टॉर्च घेऊन झाकण पाहिलं. कडेला दात आहे, पण अर्धाच. टोक तुटलंय, तुटलेली जागा पांढुरकी दिसते. समोर कॅमेऱ्यात नखाच्या टोकाएवढी फट आहे. झाकण उघडं ठेवून त्या फटीत टूथपिकचं बोथट टोक हलकेच दाबलं आणि वरच्या स्क्रीनवर आकडे उमटले! टूथपिक सोडली की परत अंधार. माझ्याच बॅटरीवर हे सगळं झालं, म्हणजे तीही बरी आहे.

आता फटीत कागदाची घडी कोंबून काम भागवावं का? आणि चालू झाल्याबरोबर तारीख-वेळ विचारतोय, हे दुसरं दुखणं तर नाही ना?

प्रतिसाद ३

घडी तात्पुरती चालेल, कायमची नको. तो खटका उगाच दिलेला नाही. झाकण उघडलं की कॅमेऱ्याला बॅटरी निघणार असल्याची सूचना मिळते. खटका कायम दाबलेला राहिला आणि कार्डावर फोटो लिहिला जात असताना बॅटरी ओढली गेली, तर फाइल खराब होऊ शकते, नशीब वाईट असेल तर कार्डही. फेविक्विकने दात जोडायच्या फंदातही पडू नका, थेंब फटीत ओघळला तर खटकाच चिकटून बसेल.

नवं झाकण लावायला बहुतेक वेळा स्क्रूड्रायव्हरही लागत नाही. बॅटरी ग्रिप (कॅमेऱ्याच्या तळाला लावायची जादा बॅटरीची मूठ) बसवताना झाकण काढावं लागतं, म्हणून ज्या मॉडेलांना ग्रिप मिळते त्यांत ते सुटं होईल असंच केलेलं असतं. बिजागरीपाशी स्प्रिंगवरची बारीक पिन असते. ती नखाने आत ढकला, झाकण तिरकं करून ओढा, निघेल. बळजबरी करू नका. मागवताना मॉडेल नंबर अक्षरासकट जुळवा, दिसायला सारख्या झाकणांचे दात वेगळ्या जागी असतात.

तारखेचं दुखणं नाही. घड्याळासाठी आत छोटी वेगळी बॅटरी असते, ती पडून पडून उतरली. बऱ्याच मॉडेलांत ती मोठ्या बॅटरीवरच चार्ज होते, तेव्हा भरलेली बॅटरी दोनेक दिवस आत राहू द्या. काहींत मात्र नाण्यासारखा सेल असतो, तो बदलावा लागतो. तारीख लावून घ्या आणि पुन्हा विचारली तर इथे कळवा.

धागाकर्ता

पिन सापडली, झाकण हातात आलं. नंबर जुळवून नवं मागवलंय. तोवर टूथपिकवर मेन्यूत जाऊन तारीख लावली.