‘तुला काय, देवाची देणगी आहे!’ : कलेपायी सोसलेला ताण, तुमचे अनुभव

12 मार्च 1911. ‘मानापमान’चा मुंबईतला पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले. मराठी घरांत ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि नेहमी अभिमानानेच. मी ती पहिल्यांदा गाण्याच्या क्लासमध्ये ऐकली. वर्गातल्या एका मुलीला ताप होता, वार्षिक कार्यक्रमाला येत नाही म्हणाली, तेव्हा तिला ती ऐकवली गेली होती. ती आली, गायली. पुढच्या वर्षी तिने क्लास सोडला.

बालगंधर्वांच्या निष्ठेविषयी मला अपार आदर आहे. पण तो निर्णय त्यांचा होता. तीच गोष्ट अकरा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात बांधायचा हक्क आपल्याला कुणी दिला, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. कला अंगात आली की ती चारचौघांच्या मालकीची होते. हौस म्हणून सुरू झालेलं काम कधी कर्तव्य होतं आणि कधी धास्ती होते, ते कळतही नाही. आणि थांबायची मुभा मागितली की माणूस ‘माजलेला’ ठरतो.

म्हणून हे विचारते आहे. नामवंतांनीच लिहावं असं नाही. सोसायटीत दर सणाला रांगोळी काढणारी, ऑफिसातला कायमचा निवेदक, शाळेतला ‘आपला कवी’, सगळ्यांनी लिहा. अपेक्षा कुणाची होती, त्याने काय झालं, आणि त्यावर तुम्ही काय केलंत? नावं, संस्था सांगायची गरज नाही.

भजनी मंडळातला गायक, सांगली जिल्हा

शाळेत जायला लागलो तेव्हापासून मी अभंग म्हणायचो. पेटीवरची पट्टी पांढरी पाच, म्हणजे चांगलीच उंच. आषाढीच्या आधी आसपासच्या गावांतून बोलावणी यायची, लोक पोराला खांद्यावर घेऊन मिरवायचे. चौदावं लागलं आणि आवाज फुटला. वरच्या षड्जाला गेलो की मध्येच चिरका व्हायचा, कधी नुसती हवा यायची.

या वयात मुलग्यांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण सप्तकभर खाली उतरतो. हे मला पुढे खूप उशिरा कळलं. तेव्हा कानावर यायचं ते वेगळंच. दृष्ट लागली. रियाज सोडला वाटतं. बोरं-चिंचा खात असणार. आजीने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. एका सप्ताहात पेटीवाले काका स्वतःहून म्हणाले, पोराची पट्टी उतरवू या. आयोजकांनी ऐकलं नाही. ‘लोकांना तो बारका पोरगा ऐकायचाय.’ मी पांढरी पाचलाच गायलो. पहिल्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं ते मला अजून दिसतं. त्यानंतर कितीतरी दिवस घसा बसलेला होता, आणि घसा सुटल्यावरही मी बोलणं टाळायला लागलो. हजेरीला ‘उपस्थित सर’ म्हणायचं तरी छाती धडधडायची. पोरगा शहाणा झाला, शांत झाला, असं घरच्यांना वाटलं.

कुमार गंधर्वांचं मला एका तबलजींनी सांगितलं. लहान वयात देशभर गाजलेला मुलगा, पुढे क्षय झाला, हवापालटासाठी देवासला गेले, काही वर्षं गाणं पूर्ण बंद. त्या काळात पडल्यापडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर पडत राहिली. परत गायला लागले तेव्हा ते गाणं पहिल्यासारखं नव्हतं, आणि त्यांनी ते पहिल्यासारखं करायचा आटापिटाही केला नाही. मी कुठे आणि ते कुठे. पण एवढ्या मोठ्या माणसालाही गप्प बसावं लागलं होतं, या एका गोष्टीने माझ्या मनातली गाठ सुटली.

आता मंडळात मागे उभा राहून काळी एकमध्ये, बऱ्याच खालच्या पट्टीत, गातो. एकट्याने गात नाही. ‘काय आवाज होता रे तुझा!’ असं अजूनही कुणी ना कुणी म्हणतंच. तो लहान मुलाचा आवाज होता. तो जायचाच होता.

रांगोळी काढणारी, डोंबिवली

संस्कारभारतीची रांगोळी काढते. चाळणीने रंग पसरायचा, मग पाच बोटांतून रांगोळी सोडत शंख, गोपद्म, कमळ. बघणाऱ्याला दहा मिनिटांचं काम वाटतं. मोठी रांगोळी म्हणजे तीन-चार तास उकिडवं बसणं असतं, गुडघे आणि कंबर दोन्ही भरून येतात. पाडवा, गणपती, पंधरा ऑगस्ट, कुणाची मुंज, कुणाचं बारसं. ‘तुझा हात काय सुंदर आहे गं’ या एका वाक्यावर मी वर्षानुवर्षं बसत गेले.

बाबा गेले त्या वर्षी आमच्याकडे सणवार नव्हते. कमिटीतल्या एक काकू भेटायला आल्या, हात हातात घेतला, दोन शब्द बोलल्या, आणि उठताना म्हणाल्या, ‘घरात नको करूस गं, पण खाली मंडपात काढायला काय हरकत आहे? तुझंही मन रमेल.’ त्या वाईट बाई नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की रांगोळी माझ्या हातातून आपोआप येते आणि त्याने मला बरंच वाटणार.

मी नाही म्हटलं. दार लावल्यावर हात थरथरत होते. त्या गणपतीत मंडपात प्लास्टिकचं स्टिकर चिकटवलेलं होतं. आता फक्त दिवाळीला काढते, तीही स्वतःच्या उंबऱ्यापुढे.

एकांकिका करणारा, पुणे

आमच्या वेळी कॉलेजने मोठ्या स्पर्धेत बक्षीस घेतलं. भरत नाट्य मंदिरात ‘अरे आवाज कुणाचा’ सुरू झालं की अंगावर काटा येतो, तो अनुभव मी कशाशीही बदलणार नाही. त्रास पुढच्या वर्षी झाला. दिग्दर्शन माझ्याकडे आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, करंडक टिकवायचा. माजी विद्यार्थी तालमीला येऊन बसायचे, कुणी काही बोलायचं नाही, नुसते वहीत लिहायचे. मला झोप लागेना. जेवण समोर आलं की मळमळायचं. संहिता चौथ्यांदा बदलली तेव्हा आमच्या प्रकाशयोजनेच्या मुलीने मला सरळ डॉक्टरकडे नेलं. बक्षीस आलं नाही. नाटक मात्र चांगलं झालं होतं, हे मी आजही ठामपणे म्हणतो.

कथा लिहिणारी, अकोला

पहिली कथा दिवाळी अंकात आली, खूप पत्रं आली. तेव्हापासून दर पावसाळ्यात संपादकांचा फोन येतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. ‘तशीच’ कथा हवी असते. तशी माझ्याकडे नाही, दुसरी आहे. यंदा तेवढंच सांगितलं. फोन ठेवल्यावर लिहायला बसले, बऱ्याच काळाने.

पेटीवादक, फोंडा

आमच्या घरात पेटी तिसऱ्या पिढीत आली. वडिलांनी जत्रेतल्या संगीत नाटकांना आयुष्यभर साथ केली. देवळापुढच्या मांडवात मी पेटी पुढे ओढली की म्हातारी माणसं मान तिरकी करून ऐकतात, आणि ती मला ऐकत नसतात, वडिलांना शोधत असतात. नांदीलाच माझी बोटं कापायला लागायची. उजव्या हाताची करंगळी तर मेलीच असं वाटायचं.

एका वादक मित्राने गोळी सुचवली. ठोके आणि कंप आवरणारी, बरेच कलाकार घेतात म्हणाला. मी आधी डॉक्टरांकडे गेलो आणि बरं झालं, कारण मला दमा आहे. ती गोळी, म्हणजे प्रोप्रॅनोलॉल, दम्याच्या माणसाला धोक्याची असते, श्वासनलिका आवळू शकते. हे मुद्दाम लिहितोय, कारण ही गोळी ग्रीनरूममध्ये खडीसाखरेसारखी वाटली जाते. मला समुपदेशनाचा उपयोग झाला. शिवाय वडिलांनीच एकदा सांगितलं की त्यांचेही हात कापायचे, म्हणून ते नांदीच्या आधी पेटीचा भाता रिकामाच हलवत बसायचे. इतकी वर्षं हे कुणी बोललंच नव्हतं.

समुपदेशक, ठाणे

वरचं सगळं वाचलं. एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘प्रतिभावंत म्हणजे थोडा वेडसर असायचाच’ ही समजूत फार घातक आहे, कारण तिच्यापायी उपचार लांबतात. स्वीडनमध्ये सुमारे 12 लाख रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांच्या नोंदी तपासून 2013 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्जनशील व्यवसायांत बायपोलर आजार (कधी टोकाचा उत्साह, कधी खोल उदासी) जास्त आढळला, बाकीचे मानसिक आजार सरसकट जास्त आढळले नाहीत. लेखकांच्या बाबतीत मात्र चित्र गंभीर होतं, नैराश्य आणि आत्महत्येचं प्रमाणही अधिक होतं. म्हणजे दुःख हा कलेचा कच्चा माल नव्हे. तो आजार असेल तर त्यावर इलाज आहे.

प्रयोगाआधीची धडधड वेगळी आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकणारी उदासी, झोप-भूक उडणं, कशातच रस न वाटणं वेगळं. दुसरं असेल तर ‘ब्लॉक आलाय’ म्हणून थांबू नका. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, दिवसरात्र सुरू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच, आत्ता फोन करा.

चित्रकला शिक्षक, संगमनेर

पालकांची बाजूही बघतो मी. इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेची श्रेणी दहावीच्या वाढीव गुणांना जोडली गेली आणि चित्रकलेच्या तासाला गर्दी झाली, हे चांगलंच. पण सहावीतली एक मुलगी माझ्याकडे मांजरं काढायची. बसलेली, पळणारी, आळसावलेली, नुसती शेपटीच. अफाट रेषा. तिचा हात बघून घरच्यांनी पुढच्या वर्षी परीक्षेची तयारी सुरू केली. वर्षभर स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. ती आता मांजर काढत नाही. ‘सर, ते परीक्षेला येत नाही,’ म्हणाली. मी तिला एक कोरी वही दिली आहे. कुणाला दाखवायची नाही, मलासुद्धा नाही, या अटीवर.

एक आई, बेळगाव

सांगलीच्या दादांना विचारायचं आहे. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, गाण्याची ‘प्रवेशिका पूर्ण’ परीक्षा झाली, आता आवाज घोगरा व्हायला लागलाय. पुढच्या महिन्यात स्पर्धेत त्याचं नाव आहे. आयोजक म्हणतात वरच्या पट्टीत बसवून घेऊ. तो काही बोलत नाही, फक्त हल्ली दार लावून बसतो. काय करू?

भजनी मंडळातला गायक, सांगली जिल्हा

ताई, वरच्या पट्टीत मुळीच गाऊ देऊ नका. ओढून ताणून गायलं तर स्वरतंतूंना इजा होऊ शकते. खालच्या सुरांत हळू गुणगुणत राहिला तर चालेल, तेही त्याची इच्छा असेल तर. घोगरेपणात दुखत असेल किंवा दोन-तीन आठवडे आवाज अजिबात लागत नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, ते स्वरयंत्र बघून सांगतात. तबला शिकायचा असेल तर हा काळ चांगला आहे, ताल पक्का होतो. आणि आवाज का बदलतोय ते त्याला आजच समजावून सांगा, मला कुणी सांगितलं नव्हतं. आयोजकांना नकार त्याने द्यायचा नाही, तुम्ही द्यायचा. आणि फोन त्याच्यासमोर करा, म्हणजे त्याला ऐकू येईल.