मदत हवी आहे: पोहता येत नाही, कंबरेसाठी पाण्यात नेमकं काय करू? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. वय ४४, राहणार फुलेवाडी, वीस वर्षं ब्लाउज शिवतेय. दोन वर्षं झाली कंबर धरतेय. एमआरआय काढला, गादी जराशी सरकलीय, ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. पट्टा झाला, शेक झाला. लग्नसराईत मशीनवरून उठायचं म्हणजे आधी टेबल धरायचं, मग देवाचं नाव.

फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, पाण्यात व्यायाम करा. आता आमच्या वडिलांनी दोन्ही भावांना पाठीला भोपळा बांधून पंचगंगेत ढकललं, मला मात्र घाटावर कपडे राखायला बसवलं. तरी धीर करून एका तलावावर महिलांच्या बॅचला नाव घातलं. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी कठडा धरून, पालथं होऊन पाय मारायला लावले. "पोहायला आलं की कंबर आपोआप सुटते." दोन दिवस वाकता येईना! पाणीही गार. महिन्याचे पैसे भरलेत, सोडवत नाही.

पोहणं न शिकता काही करता येतं का? पाणी किती खोल हवं?

फिजिओ_इचलकरंजी:
ताई, आधी एक सांगा. पायातली ताकद कमी झालीय का? लघवी-संडासवरचा ताबा गेलाय किंवा मांड्यांमधली जागा बधिर झालीय का? तसं असेल तर तलाव राहू दे, आजच डॉक्टर गाठा.

नसेल तर ऐका. पालथं होऊन मान वर धरली की कंबरेला बाक येतो, तिथंच तुमचं दुखणं. तुम्हाला पोहायचं नाहीच, उभं राहायचंय. कंबरेएवढ्या पाण्यात शरीराचं साधारण निम्मं वजन पाणी उचलतं; छातीपर्यंत गेलात की पायांवर एक-तृतीयांशाच्या आसपास उरतं. तिथं चाला. पुढं, मागं, खेकड्यासारखं आडवं. मग भिंतीला पाठ टेकून एकेक गुडघा वर. सावकाश करा, कारण पाण्यात वेग दुप्पट केला की विरोध जवळपास चौपट होतो.

थेरपीच्या तलावात पाणी ३३-३४ अंश ठेवतात, पोहण्याच्या तलावात २६-२८. म्हणून नुसतं उभं राहू नका, आखडायला लागलं की बाहेर या. २०२२ साली छापून आलेल्या चीनमधल्या एका चाचणीत ११३ जण होते. काहींना आठवड्यातून दोनदा तासभर पाण्यात व्यायाम, बाकीच्यांना विजेचं मशीन आणि इन्फ्रारेड शेक. कोर्स तीन महिन्यांचा, पाण्यातल्यांचा फायदा वर्षानंतरही टिकून होता. म्हणजे आठ दिवसांत निकाल मागू नका.

रंकाळाकाठची:
सुती पंजाबी ड्रेस घालून उतरू नका, भिजला की धोंडा बांधल्यागत होतं. लेगिंग आणि टी-शर्ट बरा. आईच्या वेळचा अनुभव.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. ताकद आहे, ताबाही आहे, अधूनमधून मुंग्या येतात तेवढंच. ते फिजिओच्या बाईंना माहीत आहे. काल सरांना विचारलं, कडेनं नुसती चालू का? म्हणाले, "चालायचंच होतं तर रंकाळ्याला फेरी मारायची की, पैसे कशाला भरलेत?" ऐकून घेतलं आणि उतरले. उथळ बाजूला साडेतीन फूट पाणी, माझी उंची चार फूट अकरा. बरोबर छातीशी येतं. बुटकेपणाचा आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला. वीस मिनिटं चालले, आज सकाळी वाकता येतंय. पुढचं महिन्यानं लिहिते.