अनुभव धागा: कोल्हापुरातल्या चर्च-मंडळ्यांच्या नजरेतून सुटणारी माणसं

धागा सुरू करताना
बायबल, प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनी, त्यावर सात माणसं नेमली आणि सातही नावं ग्रीक. ज्या गटातल्या विधवा सुटत होत्या, वाटप त्याच गटाच्या हाती गेलं. म्हणून इथं कळवळ्यापेक्षा पद्धत लिहा. काय करता, कुठं चुकतं?

घरोघरी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस) नेणारे
अंथरुणाला खिळलेल्यांची यादी पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) डोक्यात नको, वहीत हवी: नाव, गल्ली, शेवटच्या भेटीची तारीख. तारीख नसली की जवळच्या दोन घरीच परत परत जाणं होतं. खुर्ची पलंगाशी ओढून बसा. उभ्यानं प्रार्थना केली तर झोपलेल्याला फक्त हनुवटी दिसते. गिळायला त्रास आहे का, डॉक्टरांनी काय चालेल म्हणून सांगितलंय, हे घरच्यांना आधी विचारा. पक्षाघातानंतर पातळ रसानंच बऱ्याचदा ठसका लागतो. आडवं असताना काही देऊ नका, उशा लावून बसतं करा. सांभाळणारी सून दारातच उभी राहते. तिलाही कित्येक रविवार चर्चला येता आलेलं नसतं. तिच्यासाठी पेला न्यायचाच.

बांधकाम बघणारे
चाकाच्या खुर्चीसाठी उतार १ इंच उंचीला १२ इंच लांब. पायरी ६ इंच असेल तर उतार ६ फूट लांब. मोटारसायकल चढवायच्या उतारावर खुर्ची मागे घसरते. गुळगुळीत फरशी नको, आपल्याकडचा पाऊस माहीत आहे. खुर्चीची जागा मधल्या बाकाच्या कडेला काढा, मागच्या कोपऱ्यात नको. याकोबाच्या पत्राचा २रा अध्याय बसण्याच्या जागेबद्दलच बोलतो.

ऊसतोड तळांवर जाणारे
शिरोळ-हातकणंगले भागात बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या आसपास येतात, म्हणजे नाताळ ऐन हंगामात. ती पहाटेच फडात जातात. दुपारी गेलात तर कोप्यांवर (त्यांच्या झोपड्यांवर) बहुतेक लहान पोरंच. मुकादमाला सांगून संध्याकाळी जा, पण काय हवं ते बायकांना वेगळं विचारा. जुन्या साड्यांची गाठोडी नेऊ नका. उसाच्या पाल्यानं हात चिरतात. लांब बाह्यांचे जाड सुती शर्ट, बॅटरी, ताडपत्री उपयोगी पडतात. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कोयते मोजून पिशव्या भरल्या की पोरं आणि म्हातारी सुटलीच. तिथं माणसंच मोजा. वस्तूंसोबत प्रार्थनेची अट नको, फोटो नको. चहा दिला तर प्या. शाहू महाराज दलित असलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा घ्यायचे, आणि येशू लोक पापी म्हणत त्या जकातदार जक्कयाच्या घरी पाहुणा म्हणून उतरला.

स्वयंपाकाचं बघणारी
नाताळच्या जेवणात भांडी घासणाऱ्या बायकांची ताटं पहिली पंगत बसायच्या आधी काढून झाका. शेवटी पातेल्यात पांढरा रस्सा उरतो, मटण नाही.